फळाला मापून पिशवी: एमएपी पॅकिंग कसं करायचं

एमएपीबद्दल विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच टाकतो: "पिशवीसाठी प्लॅस्टिकची फिल्म कोणती घेऊ?" मी उलट तीन प्रश्न विचारते. फळ कोणतं? एका पिशवीत किती वजन? आणि भरल्यापासून उघडेपर्यंत ते किती तापमानात राहणार? पहिल्या दोघांची उत्तरं लगेच मिळतात. तिसऱ्याला लोक "थंडच असेल की" म्हणतात, आणि तिथेच मी वहीत प्रश्नचिन्ह काढते. तापमान आकड्यात सांगता येत नसेल, तर अजून फिल्म घ्यायची वेळ आलेली नाही.

एमएपी म्हणजे मॉडिफाइड अ‍ॅटमॉस्फिअर पॅकेजिंग. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. तोडलेलं फळ जिवंतच असतं. ते ऑक्सिजन घेतं, साखर जाळतं आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी, उष्णता बाहेर टाकतं. आजूबाजूचा ऑक्सिजन कमी केला आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला की हा श्वास मंदावतो, आणि त्याबरोबर पिकणं, मऊ पडणं, रंग उतरणंही मंदावतं. ऑक्सिजन काढून घेतला तर फळ पिकत नाही, हे मोंपेलिएच्या झाक एत्येन बेरार यांनी १८२१ मध्येच दाखवलं होतं. व्यापारी पातळीवर नियंत्रित हवेचं सफरचंदांचं पहिलं गोदाम उभं राहायला मात्र १९२९ साल उजाडलं, इंग्लंडच्या केंट परगण्यात. गोदामात हवा राखायला यंत्रं असतात. पिशवीत यंत्र नसतं. एका बाजूने फळ ऑक्सिजन ओढतं, दुसऱ्या बाजूने फिल्म तो आत झिरपू देते, आणि दोन्हींचा वेग जिथे सारखा होतो तिथे आतली हवा स्थिरावते. आपलं काम एवढंच, की ती हव्या त्या आकड्यावर स्थिरावली पाहिजे.

आधी फळ

प्रत्येक फळाला सोसणारी हवा वेगळी, त्यामुळे "फळांची एमएपी पिशवी" म्हणून सरसकट विकलं जाणारं काहीही मी संशयाने बघते. केळ्याला ऑक्सिजन २ ते ५ टक्के आणि कार्बन डायऑक्साइडही साधारण तेवढाच मानवतो, तापमान १३-१४ अंश. आंब्याला ऑक्सिजन ३ ते ५, कार्बन डायऑक्साइड ५ ते १०, तापमान १० ते १५ अंशांच्या दरम्यान, जात आणि पक्वता बघून. सफरचंदाला ऑक्सिजन १ ते ३ टक्क्यांपर्यंत उतरवता येतो, पण काही जाती कार्बन डायऑक्साइडला इतक्या नाजूक असतात की तो जरा वाढला तरी गाभा आतून तपकिरी पडतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. नाशपातीचंही तेच.

स्ट्रॉबेरीचं गणित याच्या अगदी उलटं आहे. ती तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे पिकणं लांबवण्याचा प्रश्नच नाही. तिचा शत्रू राखाडी बुरशी. ही बुरशी कार्बन डायऑक्साइड १५ ते २० टक्के असेल तर दबून राहते, आणि स्ट्रॉबेरीला तेवढा सोसतो. चेरी आणि अंजीरही १० टक्क्यांच्या वरचा कार्बन डायऑक्साइड सहन करणाऱ्यांपैकी. हाच आकडा नाशपातीच्या पिशवीत गेला तर माल फेकावा लागेल. लिंबूवर्गीय फळांना हवा बदलून फार काही मिळत नाही. त्यांच्यासाठी ओलावा टिकवणारी, मोठ्या भोकांची साधी पिशवी पुरते, उगाच महागडी फिल्म घेऊ नका.

खालच्या बाजूला एक सीमा असते, ती ओलांडायची नाही. ऑक्सिजन साधारण १ ते २ टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक फळांचं ऑक्सिजनवरचं श्वसन बंद पडतं आणि आंबवण सुरू होतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अल्कोहोल तयार होतं. फळ दिसायला ठणठणीत राहतं, चव मात्र गेलेली असते. म्हणून २ टक्के चालतील असं पुस्तकात असलं तरी पिशवी मी ४-५ टक्क्यांना बेतते. गोदामातलं यंत्र चूक दुरुस्त करू शकतं. सील केलेली पिशवी ते करू शकत नाही.

श्वास मोजणं

छापील तक्त्यांमध्ये श्वसनाचे आकडे मिळतात, पण त्यांची व्याप्ती बघा: स्ट्रॉबेरी १० अंशांना किलोमागे तासाला २५ ते ५० मिलीलिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे एकाच फळात, एकाच तापमानाला दुपटीचा फरक. जात, पक्वता, तोडताना लागलेला मार, सगळं त्यात येतं. म्हणून आपल्या मालाचा आकडा आपणच काढलेला बरा. त्याला फार काही लागत नाही: घट्ट झाकणाची बरणी, झाकणात रबरी बूच आणि ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइड मोजणारा सुईचा गॅस अ‍ॅनालायझर.

पाच लिटरची बरणी घ्या, त्यात एक किलो फळ. फळ आणि बरणी दोन्ही ज्या तापमानाला माल राहणार त्याच तापमानाला आधी रात्रभर ठेवा. गरम फळ बरणीत घालून कोल्डरूममध्ये ठेवलं तर आकडा फुगलेला येतो. एक किलो फळ ढोबळमानाने एक लिटर जागा घेतं, म्हणजे मोकळी हवा चार लिटर, ४००० मिलीलिटर. झाकण लावताना ऑक्सिजन २०.९ टक्के. समजा चार तासांनी १९.९ भरला. एक टक्का गेला, म्हणजे ४० मिलीलिटर. चार तासांनी भागा: किलोमागे तासाला १० मिलीलिटर. बरणी याहून फार वेळ बंद ठेवू नका, कारण आत साठणारा कार्बन डायऑक्साइडच श्वास दाबायला लागतो आणि आकडा खोटा येतो. आणि एकाच बरणीवर विसंबू नका, निदान तीन तरी लावा.

पिशवीतल्या कमी ऑक्सिजनमध्ये फळ याहून हळू श्वास घेणार, हे खरं. तरी मी हिशेब बाहेरच्या हवेतल्या आकड्यावरच धरते. प्रत्यक्षात श्वास कमी निघाला तर पिशवीत ऑक्सिजन ठरवल्यापेक्षा थोडा जास्त राहील. चूक झालीच तर ती या बाजूला होऊ दे.

कागदावरचा हिशेब

आता तो १० चा आकडा पुढे नेऊ. पिशवीत एक किलो फळ, १० अंश तापमान, आत ऑक्सिजन ५ टक्के हवा. फळाची दिवसाची मागणी १० गुणिले २४, म्हणजे २४० मिलीलिटर. बाहेर २१ टक्के, आत ५, फरक १६ टक्के, म्हणजे ०.१६ वातावरण (बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब म्हणजे एक वातावरण). हा फरकच ऑक्सिजनला आत ढकलतो. २४० ला ०.१६ ने भागलं की १५०० येतात. पूर्ण एका वातावरणाच्या फरकाला दिवसाला १५०० मिलीलिटर ऑक्सिजन आत सोडेल, एवढी त्या पिशवीची एकूण क्षमता हवी. पिशवीचं दोन्ही बाजू मिळून मोकळं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर असेल, तर चौरस मीटरमागे १५,००० मिलीलिटर लागतात.

२५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) साध्या एलडीपीईचा, म्हणजे नेहमीच्या मऊ पॉलिथिनचा, आकडा साधारण ७ ते ८ हजार असतो. पण पुरवठादाराच्या कागदावर बारीक अक्षरात बघा, ही चाचणी बहुधा २३ अंशांना केलेली असते. १० अंशांना तीच फिल्म जवळपास निम्माच ऑक्सिजन सोडते. म्हणजे आपल्या ०.१ चौरस मीटरला ४०० च्या आसपास. लागतात १५००, मिळतात ४००. पातळ फिल्म घेतली तर थोडं वाढेल, पण ती फाटायला टपलेली. बीओपीपी, म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची कडक फिल्म, घेतली तर चकाकी छान येईल आणि ऑक्सिजन आणखी कमी मिळेल. एलडीपीईवर भागत नाही म्हटल्यावर राहिलेले ११०० सूक्ष्म छिद्रांनी भरून काढायचे.

ही छिद्रं लेझरने पाडतात, ५० ते २०० मायक्रॉन व्यासाची. डोळ्याला दिसत नाहीत, दिव्यासमोर तिरकं धरलं तर कधी कधी ठिपका चमकतो. १०० मायक्रॉनचं एक छिद्र पातळ फिल्ममध्ये एका वातावरणाच्या फरकाला दिवसाला ढोबळमानाने शे-दीडशे मिलीलिटर सोडतं. आपल्याला पिशवीमागे आठ-दहा छिद्रं लागतील. घरी टाचणीने पाडलेलं भोक यापेक्षा कित्येक पट मोठं असतं. तशी दोन-चार पडली की आत बाहेरचीच हवा खेळते आणि पिशवी फक्त ओलावा धरते. त्यातही गैर काही नाही, पण मग तिला एमएपी म्हणू नका.

इथपर्यंत बरेच जण पोचतात. पुढची गोष्ट मात्र हमखास निसटते. फिल्म ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइड अधिक सहज सोडते, एलडीपीईत तीन ते पाच पट. छिद्र तसा भेदभाव करत नाही. छिद्रातून कार्बन डायऑक्साइड उलट थोडा सावकाश जातो, ऑक्सिजनच्या साधारण ०.८ पट. फळ जेवढा ऑक्सिजन घेतं, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतं असं धरून याचा परिणाम बघा. लागणारे १५०० सगळे फिल्ममधूनच मिळाले असते, तर २४० मिलीलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला ६००० ची वाट (चार पट धरून), म्हणजे आत तो ४ टक्क्यांवर थांबला असता. सगळे १५०० छिद्रांतून दिले तर वाट फक्त १२००, आणि आत साठणार २० टक्के. आपल्या मिश्र पिशवीत ४०० फिल्मचे आणि ११०० छिद्रांचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला १६०० अधिक ८८०, साधारण २४८०. आत सुमारे १० टक्के.

तिन्ही पिशव्यांत ऑक्सिजन ५ टक्केच. कार्बन डायऑक्साइड मात्र ४, १० किंवा २०. स्ट्रॉबेरी छिद्रांच्या पिशवीत का खुलते आणि नाशपाती त्याच पिशवीत का काळवंडते, ते या आकड्यांत आहे. म्हणून पुरवठादाराकडे फक्त ऑक्सिजनचा आकडा मागून थांबू नका, कार्बन डायऑक्साइडचाही मागा, आणि छिद्रांची संख्या व व्यास लेखी घ्या.

भरताना

फळ आधी थंड करा, मग पिशवीत घाला. हा क्रम उलटा झाला की बाकी सगळं वाया. गरम फळ सील करून कोल्डरूममध्ये नेलं तर फिल्म आधी गार होते, फळ मागून, आणि आतल्या बाजूला पाणी साचतं. फिल्ममधून उष्णताही धड निघत नाही. थंडाव्याचं माप खोलीच्या भिंतीवरच्या आकड्यावरून धरू नका, फळाच्या गाभ्यात थर्मामीटरची सुई खुपसून बघा.

दव पडण्याचा हिशेबही कडक आहे. पिशवीत आर्द्रता ९५ टक्के असेल, तर तापमान जेमतेम पाऊण अंश उतरलं तरी थेंब धरतात. कोल्डरूमचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना एवढा फरक सहज पडतो. अँटीफॉग फिल्म थेंबांऐवजी पातळ थर करते, त्यामुळे फळ स्वच्छ दिसतं, पण पाणी तिथेच असतं. बुरशीला थर काय नि थेंब काय. खरा उपाय तापमान स्थिर ठेवणं, नाहीतर पिशवीत ओलावा शोषणारा कागद.

निवडताना हात आखडू नका. एक फुटकं किंवा बुरशी लागलेलं फळ उघड्या क्रेटमध्ये शेजारच्या चार फळांना बिघडवतं, बंद पिशवीत सगळ्यांना. शिवाय जखमी फळ जास्त श्वास घेतं आणि इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, जास्त सोडतं, म्हणजे आपला कागदावरचा हिशेबही बिघडवतं. टोकदार देठ आखूड कापा. देठाने पडलेलं एक बारीक भोक म्हणजे हिशेबात नसलेलं एक छिद्र.

पिकणाऱ्या फळांत इथिलीन शोषणारी पुडी टाकतात. आत पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले दाणे असतात, ते जांभळ्याचे तपकिरी झाले की पुडी संपली. फळाला दाणे लागता कामा नयेत. पिकायला आधीच सुरुवात झालेल्या फळात मात्र ही पुडी टाकून फारसं काही हाती लागत नाही.

सीलवर धूळ, पाण्याचा थेंब किंवा पानाचा तुकडा अडकला तर तिथे नळीसारखी वाट राहते. आमच्या सीलिंग मशीनवरच्या ताई प्रत्येक पिशवी झाली की सीलच्या पट्टीवरून अंगठ्याचं नख ओढतात. नख अडखळलं की पिशवी बाजूला. सुरकुती नजरेच्या आधी नखाला सापडते. त्याशिवाय मधूनमधून एखादी पिशवी पाण्यात बुडवून हलकेच दाबा. छिद्रांच्या पिशवीत छिद्रांतूनही बुडबुडे येणारच, म्हणून फक्त सीलची कड बघायची.

आत ठरावीक मिश्रण भरायचं की नुसतं सील करून फळालाच हवा बनवू द्यायची? आपल्या उदाहरणात पिशवीत दीड लिटर मोकळी जागा असेल तर सुरुवातीला त्यात सुमारे ३१५ मिलीलिटर ऑक्सिजन असतो. फळ तो दिवसाला २४० च्या वेगाने ओढतं आणि बाहेरून थोडा येतच राहतो, त्यामुळे स्थिरावायला दोन-तीन दिवस सहज जातात. महिनाभर टिकणाऱ्या फळाला त्याने फरक पडत नाही. आठवड्याभराचं आयुष्य असलेल्या स्ट्रॉबेरीला पडतो, तिथे मिश्रण भरणं परवडतं. पण भरलेली हवा कायम राहत नाही. फिल्म चुकीची असेल तर पिशवी दोन दिवसांत आपल्याच चुकीच्या आकड्यावर जाऊन बसते. नायट्रोजनची टाकी वापरत असाल तर खोलीत खेळती हवा आणि ऑक्सिजनचा अलार्म हवाच. नायट्रोजनला वास नसतो. माणूस थेट कोसळतो, आधी गुदमरल्यासारखंही वाटत नाही.

थंडी तुटली तर

आता ते वहीतलं प्रश्नचिन्ह. आपली पिशवी १० अंशांसाठी बेतली. समजा गाडी बिघडली आणि माल २० अंशांवर गेला. श्वास १० अंशांमागे दोन ते तीन पट वाढतो, अडीच धरू: मागणी २४० वरून ६००. फिल्मची वाट ४०० वरून ७०० च्या आसपास जाईल. छिद्रं जवळपास जिथल्या तिथे, ११००. एकूण १८००. आत ऑक्सिजन शून्य झाला तरी बाहेरून जास्तीत जास्त १८०० गुणिले ०.२१, म्हणजे साधारण ३८० मिलीलिटरच येऊ शकतो. मागणी ६००. आतला ऑक्सिजन संपणार आणि फळ आंबणार. उघड्या क्रेटमधलं फळ अशा वेळी लवकर पिकलं असतं, एवढंच. म्हणजे थंडी टिकणार नसेल तर एमएपी न केलेलीच बरी, हे मी स्पष्ट सांगते, आणि फिल्म विकणाऱ्यांना ते आवडत नाही. वाटेत तापमान वाढणारच असेल तर पिशवी त्या सगळ्यात गरम टप्प्याला बेता. थंडीत तिचा फायदा कमी मिळेल, पण माल जाणार नाही. आणि अचानक थंडी तुटलीच तर पिशव्या लगेच उघडा किंवा टोचा.

दुसऱ्या टोकालाही चूक होते. "जास्त थंड म्हणजे जास्त टिकेल" म्हणून केळी १३ अंशांच्या खाली नेली तर साल राखाडी पडते आणि फळ नीट पिकत नाही. आंबा, पपई, अननसालाही अशी थंडीची इजा होते. बदललेली हवा ती काही फळांत थोडी कमी करते, पुसून टाकत नाही.

तपासणी

पहिल्या खेपेला दहा-पंधरा पिशव्या फक्त मोजण्यासाठी ठेवा. फिल्मवर चिकटणारा रबराचा तुकडा लावायचा, म्हणजे सुई काढल्यावर भोक मिटतं, आणि अ‍ॅनालायझरची सुई त्यातून आत. पहिले काही दिवस रोज मोजा. ऑक्सिजन उतरत येऊन एका आकड्यावर टेकला पाहिजे. उतरतच राहिला तर छिद्रं वाढवा किंवा वजन कमी करा. १५ टक्क्यांवर अडून बसला तर बहुधा सील गळतंय. सगळ्या पिशव्यांत सारखाच अडला असेल तर फिल्म गरजेपेक्षा मोकळी आहे. शेजारी तेच फळ मोठ्या भोकांच्या साध्या पिशवीत आणि उघड्यावरही ठेवा. ही तुलना टाळू नका. बऱ्याचदा फायद्यातला मोठा वाटा नुसता ओलावा टिकल्याचा निघतो, आणि मग साधी पिशवीच पुरते.

यंत्र नसेल तर नाक आहे. पिशवीचा कोपरा कापा आणि लगेच हुंगा. अल्कोहोलचा, सडक्या सफरचंदासारखा गोडसर वास आला तर ऑक्सिजन संपला होता. वास हलका असेल तर फळ तासभर मोकळ्या हवेत ठेवून पुन्हा हुंगा, काही वेळा तो उडून जातो. गेला तर फळ खाऊन बघा. नाही गेला तर ती पूर्ण खेप उघडून तपासा.

कापलेल्या फळाचं प्रकरण वेगळं. कापल्यावर श्वास वाढतो, रस सुटतो, सालीचं संरक्षण जातं. कलिंगड-खरबुजासारख्या कमी आंबट फळांत ऑक्सिजन नसलेली आणि थंडी तुटलेली पिशवी धोक्याची असते, कारण घातक जंतू वाढले तरी फळ बरेच दिवस चांगलंच दिसत राहतं. कापलेलं फळ ५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि तारीख उलटली की चांगलं दिसलं तरी टाकायचं.

पिकवून खायची फळं, केळी, आंबा, नाशपाती, पिकवायला घेताना पिशवीतून पूर्ण बाहेर काढा. आतल्या हवेत इथिलीनचा जोर चालत नाही, त्यामुळे पिशवीसकट पिकवणीत ठेवलेला माल ठिकठिकाणी हिरवा राहतो. पिशव्या उघडून फळ दिवसभर हवेशीर ठेवा आणि मग पिकवायला लावा.